परीक्षा जिभेची कीं कानाची?

पुण्यामुंबईच्या कित्येक घरांत हल्लीं संध्याकाळच्या वेळीं एक निराळाच घोष कानीं पडतो. आंतल्या खोलीचें दार लोटलेलें असतें आणि घरांतला मुलगा किंवा मुलगी येरझारा घालीत इंग्रजींत कांहींतरी म्हणत असते. बाहेर बसलेल्या आजीबाईंना शब्द कळत नाहींत, पण चाल ओळखीची वाटते. कारण लहानपणीं पाढे आणि रामरक्षा त्यांनीं ह्याच चालीवर पाठ केलेलीं असतात. चौकशी केली म्हणजे कळतें कीं, ‘माझें गांव’ ह्या विषयावरील छापील उत्तराचें पाठांतर चालू आहे आणि येत्या आठवड्यांत इंग्रजी बोलण्याची परीक्षा आहे.

ही परीक्षा हौसेची नसते. परदेशच्या विद्यापीठांत प्रवेश मिळवावयाचा असो, तेथील रुग्णालयांत परिचारिकेची जागा धरावयाची असो, किंवा दुसऱ्या देशांत बिऱ्हाड थाटावयाचें असो; इंग्रजीच्या ज्ञानाचा दाखला बहुतेक ठिकाणीं आधीं पुढें ठेवावा लागतो. घरच्या वडील मंडळींनीं ठेवी मोडलेल्या असतात, कोणी राहतें घर गहाण टाकून कर्ज काढलेलें असतें, आणि हा सगळा डोलारा एका आंकड्यावर उभा असतो. तो आंकडा अर्ध्यानें कमी आला तर वर्ष बुडूं शकतें, फी पुन्हां भरावी लागते. आणि दाखला साधारणतः दोनच वर्षें ग्राह्य धरला जात असल्यामुळें फार काळ थांबूनहि भागत नाहीं. वाचन, लेखन आणि श्रवण ह्या तीनहि विषयांत चांगले गुण मिळविणारा हुशार विद्यार्थी बोलण्याच्या परीक्षेंत मात्र अडखळावा, हा प्रकार विरळा नाहीं. असें कां व्हावें? उणीव बुद्धीची नसते, श्रमांचीहि नसते. अभ्यास भरपूर झालेला असतो. पण तो दुसऱ्याच परीक्षेचा झालेला असतो.

लिहिण्याची परीक्षा आणि बोलण्याची परीक्षा ह्या दोन निराळ्या वस्तु आहेत, ही गोष्ट परीक्षा घेणाऱ्यांनाहि एकदम उमगली नाहीं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाहीं अशांसाठीं केंब्रिज विद्यापीठानें पहिली प्रावीण्य-परीक्षा १९१३ सालीं घेतली. परीक्षा एकंदर बारा तासांची होती आणि उमेदवार अवघे तीन. इंग्रजींतून फ्रेंच किंवा जर्मन भाषेंत भाषांतर, त्या भाषांतून इंग्रजींत भाषांतर व व्याकरण, निबंध, वाङ्मय आणि उच्चारशास्त्र असे लेखी विषय होते. गंमत अशी कीं, उच्चारशास्त्राचीहि परीक्षा कागदावरच. ध्वनि तोंडांतून काढून दाखवावयाचा नसून तो कसा निघतो ह्याचें वर्णन लिहून द्यावयाचें. तोंडी भागाच्या वांट्याला बारांपैकीं एक तास आला होता. त्यांतला अर्धा तास सांगितलेला मजकूर उतरून घेण्यांत जावयाचा, आणि उरलेल्या अर्ध्या तासांत वाचन व संभाषण दोन्ही उरकावयाचीं. तिघांपैकीं एकहि उमेदवार उत्तीर्ण झाला नाहीं.

परीक्षकांची अडचणहि समजण्यासारखी आहे. लिहिलेलें उत्तर कागदावर राहतें. तें दुसऱ्याला दाखवितां येतें, दुसऱ्या दिवशीं पुन्हां वाचतां येतें. बोललेला शब्द तोंडांतून निघाला कीं हवेंत विरला. त्याला गुण द्यावयाचे कसे, आणि एका परीक्षकानें दिलेले गुण दुसऱ्यानेंहि दिले असते ह्याची खात्री काय? केंब्रिजच्या ह्याच परीक्षांचें काम पाहणारे जॅक रोच ह्यांनीं १९४५ सालीं तोंडी परीक्षांतील अडचणींवर जो प्रबंध लिहिला, त्याच्या मुळाशीं हीच काळजी होती. अमेरिकेंत १९६४ सालीं सुरू झालेल्या टोफेल परीक्षेनें तर कितीतरी वर्षें हा प्रश्न दूरच ठेवला. मुख्य परीक्षेंत बोलण्याचा भाग यावयास २००५ साल उजाडावें लागलें. ब्रिटनमध्यें १९८० सालीं निघालेल्या एका परीक्षेचें १९८९ सालीं रूपांतर होऊन आयेल्ट्स ही परीक्षा जन्मास आली, आणि तिच्या बोलण्याच्या भागाला आजचें तीन टप्प्यांचें स्वरूप २००१ सालीं मिळालें. उमेदवाराचें सारें बोलणें ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची रीति आतां रूढ झाली आहे. हवेंत विरणारा शब्द अशा रीतीनें पकडून ठेवतां आला, तेव्हां कोठें बोलण्याची परीक्षा लेखी परीक्षेच्या पंक्तीला बसली.

आयेल्ट्सची ही तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांत आटोपते. खोलींत एक परीक्षक आणि एक उमेदवार. पहिलीं चार-पांच मिनिटें घर, गांव, शिक्षण, नोकरी अशा परिचयाच्या गोष्टींवर प्रश्नोत्तरें होतात. नंतर एक विषय लिहिलेलें कार्ड, कागद आणि पेन्सिल उमेदवाराच्या हातीं येतें. विचार करावयास एक मिनिट मिळतें, आणि मग एक ते दोन मिनिटें त्यानें एकट्यानें बोलावयाचें असतें. शेवटच्या चार-पांच मिनिटांत त्याच विषयाच्या अनुषंगानें परीक्षक व्यापक प्रश्न विचारतो. कार्डावर आवडत्या शिक्षकाचें वर्णन असेल, तर येथें समाजांत शिक्षकाचा मान पूर्वींपेक्षां वाढला कीं घटला, असा प्रश्न येऊं शकतो. गुण चार गोष्टींना सारखे विभागून मिळतात: बोलण्याचा ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरणाची विविधता व अचूकपणा, आणि उच्चार. शून्यापासून नऊपर्यंत श्रेणी असतात. ह्या यादींत उमेदवाराच्या बहुश्रुतपणाला स्थान नाहीं. त्याचें मत बरोबर कीं चूक, ह्यालाहि गुण नाहींत. आवडता शिक्षक खरा असो वा कल्पित, परीक्षक त्याचा पुरावा मागत नाहीं. पाहिलें जातें तें इतकेंच कीं, ह्या माणसाला सुचलेला विचार तो ह्या भाषेंत दुसऱ्यापर्यंत पोंचवूं शकतो कीं नाहीं.

येथेंच पाठांतर उघडें पडतें. समजा, वाईचा एक विद्यार्थी आहे. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचें देऊळ, आसपासचे डोंगर असें सुरेख वर्णन त्यानें घोकून ठेवलें आहे. परीक्षक विचारतो, तुमच्या लहानपणापासून गांवांत काय बदल झाला? विद्यार्थ्याच्या कानाला ‘गांव’ एवढाच शब्द पोंचतो आणि घाटाचें वर्णन धो धो सुरू होतें. परीक्षक तें थांबवून पुन्हां विचारतो, पूर्वीं नव्हतें असें काय आतां आहे? मग मात्र जो क्षणापूर्वीं पुराच्या पाण्यासारखा वाहत होता, तो एकेका शब्दासाठीं चांचपडूं लागतो. त्याचा आवाज बदलतो, वाक्यें तुटतात, आणि दोन माणसें एकाच तोंडानें बोलत असल्यासारखें वाटतें. अनुभवी कानाला हा फरक सांगावा लागत नाहीं. श्रेणींचीं जीं वर्णनें प्रसिद्ध झालेलीं आहेत, त्यांत पाठ केल्यासारख्या वाक्यांचा उल्लेख खालच्या तिसऱ्या श्रेणीच्या वर्णनांत येतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

उलट, अडखळणें हा सर्वस्वीं दोष नव्हे, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. सर्वांत वरच्या, म्हणजे नवव्या श्रेणीच्या वर्णनांतहि थांबण्यास मुभा आहे. अट एवढीच कीं, तें थांबणें विचारासाठीं असावें, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठीं नसावें. मराठींत बोलतांना शहाणा माणूस असाच थांबतो. कोणी अवघड प्रश्न विचारला म्हणजे तो म्हणतो, “तसं पाहिलं तर...” आणि क्षणभर विचार करतो. इंग्रजींतहि असा विसावा घेण्याच्या रीति आहेत, आणि त्या ऐकून शिकतां येतात. प्रश्न ऐकूं आला नाहीं तर पुन्हां विचारण्याची विनंती करणें ह्यांतहि कमीपणा नाहीं. न कळलेल्या प्रश्नाला भलतेंच उत्तर देण्यापेक्षां तें शतपट बरें.

पाठांतराची आपल्याकडे थोर परंपरा आहे आणि तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु जेथें शब्द बदलावयाचा नाहीं, तेथें पाठांतर शोभतें. रामरक्षेंत शब्द बदलला तर दोष. संभाषणांत समोरच्या माणसाप्रमाणें शब्द बदलला नाहीं तर दोष. एकाच औषधानें दोन निराळे रोग बरे करण्याचा हट्ट धरला, तर वैद्याचें नव्हे, रोग्याचें नुकसान होतें.

मराठी माणसाच्या इंग्रजीची मुख्य अडचण अशी कीं, तें डोळ्यांनीं शिकलेलें असतें. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी गिरविलें. मराठी वाक्य घ्यावें, त्याचें इंग्रजी करावें, आणि तें शुद्ध आहे कीं नाहीं तें पाहावें. ह्या मार्गानें उत्तम अर्ज लिहिणारे, निकालपत्रें लिहिणारे, अग्रलेख लिहिणारे लोक तयार झाले. पण भाषांतराला वेळ लागतो, आणि संभाषणांत तो वेळ मिळत नाहीं. शिवाय मराठीचें वळण इंग्रजींत उतरतें तें निराळेंच. ‘तो पांच वर्षें येथें राहतो’ हें मराठी वाक्य अगदीं निर्दोष आहे. तेंच शब्दशः इंग्रजींत नेलें कीं काळ चुकतो, कारण पूर्वीं सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या क्रियेला इंग्रजींत निराळें रूप लागतें. ‘नाहीं का?’ हा मराठी शेपटा कोणत्याहि वाक्याला चालतो. त्याच्या जागीं प्रत्येक वेळीं ‘इझन्ट इट’ लावलें कीं इंग्रज माणूस चपापतो. मराठींत ‘ए’ आणि ‘द’ ह्यांच्यासारखीं उपपदें मुळांतच नसल्यामुळें बोलण्याच्या भरांत तीं गळून पडतात. हे नियम बहुतेकांना पाठ असतात. कागदावर चूक दाखविली तर ती तत्काळ दुरुस्त करतां येते. तरी जीभ चुकते, कारण कानाला तें वळण पडलेलें नसतें.

कान काय करूं शकतो, ह्याचा दाखला घरांतच आहे. मराठींत ‘चार’ आणि ‘चारा’ हे दोन शब्द एकाच अक्षरानें सुरू होतात. पण चार आंब्यांतला ‘च’ निराळा आणि गुरांच्या चाऱ्यांतला ‘च’ निराळा. ‘जीव’ आणि ‘जोर’ ह्यांतल्या ‘ज’ची गोष्ट तीच. लिपींत हा भेद कोठेंहि दाखविलेला नाहीं. तरी घरांत मराठी ऐकत वाढलेलें चार वर्षांचें पोर त्यांत चुकत नाहीं, आणि पुस्तकावरून मराठी शिकलेला मोठा पंडित मात्र चुकतो. पोराला तो भेद कोणी शिकविला? कोणीच नाहीं, त्यानें तो हजारदां ऐकला. इंग्रजीची लिपि ह्या बाबतींत मराठीहून कितीतरी अधिक लबाड आहे. तेव्हां जी विद्या कानानें यावयाची, ती डोळ्यांकडून मागण्यांत अर्थ नाहीं.

इंग्रजीच्या उच्चारांत मराठी माणसानें लक्ष द्यावें अशा जागा थोड्या आहेत, पण त्या महत्त्वाच्या आहेत. ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’, म्हणजे द्राक्षाची दारू आणि द्राक्षाचा वेल, हा भेद मराठी लेखनांत ‘व’ आणि ‘व्ह’ असा दाखवितात. पण बोलतांना दोन्ही एकच होऊन जातात. पहिल्याला ओठांचा चंबू लागतो, दुसऱ्याला वरचे दांत खालच्या ओठावर टेकावे लागतात. ह्याहून मोठी गोष्ट आघाताची. मराठींत शब्दाच्या कोणत्याहि अक्षरावर थोडा जोर कमीजास्त झाला तरी अर्थ बिघडत नाहीं. इंग्रजींत आघात चुकला कीं ऐकणाऱ्याला शब्दच ओळखूं येत नाहीं. ‘फोटोग्राफ’ म्हणतांना जोर पहिल्या अवयवावर येतो, ‘फोटोग्राफर’ म्हणतांना तो दुसऱ्यावर सरकतो, आणि ‘फोटोग्राफिक’ म्हणतांना तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असेल तर आघात आरंभीं, क्रियापद असेल तर शेवटीं. शब्दकोशांत हीं स्थानें खुणांनीं दाखविलेलीं असतात. पण खुण पाहून जोर देणाऱ्याचें बोलणें ठोकळेबाज होतें. ऐकून उचललेला आघात आपोआप जागेवर बसतो.

ह्याचा अर्थ साहेबासारखें बोलावें असा मात्र नव्हे. नाकांत बोलून, जीभ वळवून परकी ढब आणण्याचे जे प्रयत्न होतात, ते बहुधा हास्यास्पद होतात. आणि ज्या शक्तीनें विचार करावयाचा ती नकलेंत खर्च होते. परीक्षेचीहि तशी मागणी नाहीं. आठव्या श्रेणीचें वर्णन पाहिलें तर मातृभाषेची छटा उच्चारांत असूं शकते, हें तेथें गृहीतच धरलें आहे. तिच्यामुळें समजण्यास अडचण पडूं नये, एवढेंच म्हटलें आहे. स्कॉटलंडचा माणूस स्कॉटिश वळणानें बोलतो, आयर्लंडचा आयरिश वळणानें. महाराष्ट्राचा माणूस मराठी वळणानें बोलला तर त्यांत लाज कसली? वळण आपलें राहूं द्यावें. बोलणें समजेल असें असावें.

तयारी करावी कशी? आरंभ ऐकण्यापासून करावा. बातम्या ऐकणें चांगलेंच. पण बातम्या वाचलेल्या असतात. त्यापेक्षां दोन माणसांच्या मुलाखती, गप्पा, वादविवाद रोज अर्धा तास ऐकावे, आणि विषयापेक्षां बोलणारा कोठें थांबतो, कोठें जोर देतो, दुसऱ्याचें म्हणणें कसें उचलून धरतो, इकडे लक्ष ठेवावें. त्यांतलें एखादें मिनिटाभराचें बोलणें निवडून वाक्यामागून वाक्य त्याच चढउतारानें मोठ्यानें म्हणावें. नंतर पुस्तक मिटून त्याच विषयावर स्वतःच्या शब्दांत बोलावें, तें मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावें, आणि लगेच न ऐकतां दुसऱ्या दिवशीं ऐकावें. आपलाच आवाज परक्यासारखा ऐकण्याचा हा प्रसंग सुखाचा नसतो. पण गळलेलीं उपपदें, चुकलेले काळ आणि प्रत्येक वाक्यामागून येणारा तोच एक शब्द त्यांत जसा सांपडतो, तसा कोणत्याहि वर्गांत सांपडत नाहीं. एका वेळीं एकच दोष धरावा आणि आठवडाभर त्याचाच पिच्छा पुरवावा.

कार्डावरच्या विषयासाठीं जें एक मिनिट मिळतें, त्यांत वाक्यें लिहूं नयेत. वाक्य लिहिलें कीं तें वाचण्याचा मोह होतो. चार-पांच शब्द टिपावे: कोण, कोठें, काय घडलें, मनाला काय वाटलें. नेमका शब्द आठवला नाहीं तर थबकूं नये, त्याला वळसा घालावा. ह्याचा सराव घरांतल्या वस्तूंवर उत्तम होतो. वाळवण म्हणजे काय, गुढी कशी उभारतात, मुंबईचा डबेवाला एवढे डबे चुकल्याशिवाय कसे पोंचवितो, हें महाराष्ट्र कधीं न पाहिलेल्या माणसाला इंग्रजींत सांगावें. ह्या वस्तूंना इंग्रजी शब्दच नाहींत. त्यामुळें शब्दकोश उघडून उपयोग नाहीं, आणि भाषांतराची खोड आपोआप सुटते. ज्याला वाळवण समजावून सांगतां आलें, त्याला परीक्षेंत एखाद्या शब्दानें दगा दिला तरी तो बुडत नाहीं.

बोलण्याची परीक्षा ही वस्तुतः ऐकण्याचीच परीक्षा आहे, हें परिचारिकांच्या उदाहरणावरून फार स्पष्ट होतें. ब्रिटनमध्यें परिचारिका म्हणून नोंद व्हावयाची तर, तेथील नोंदणी-मंडळाच्या नियमाप्रमाणें, आयेल्ट्समध्यें वाचन, श्रवण व बोलणें ह्यांत ७ आणि लेखनांत ६.५ श्रेणी लागते. ह्या परीक्षेऐवजीं ओईटी नांवाची दुसरी परीक्षाहि चालते; ती ऑस्ट्रेलियांत खास वैद्यकीय व्यवसायांतील लोकांसाठीं निघाली. तिच्या बोलण्याच्या भागांत दोन प्रसंग असतात, प्रत्येकीं सुमारें पांच मिनिटांचे. उमेदवार स्वतःचेंच काम करतो, म्हणजे परिचारिका परिचारिकाच राहते. समोरचा माणूस रोग्याचें किंवा त्याच्या नातलगाचें सोंग घेतो. प्रत्येक प्रसंगाआधीं तयारीला तीन मिनिटें मिळतात. २०१८ सालापासून येथें भाषेबरोबर आणखी एक गोष्ट तपासली जाते: रोग्याशीं जिव्हाळा जुळला का, त्याची शंका ऐकून घेतली का, आणि सांगितलेलें त्याला कळलें का.

मिरजेसारख्या वैद्यकीय पेठेंत दहा वर्षें काम केलेली परिचारिका डोळ्यांपुढें आणावी. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं घाबरलेल्या शेतकऱ्याच्या उशाशीं उभी राहून, “काका, कशाची भीति वाटते तें मला सांगा बघू,” असें ती म्हणते. तो म्हणतो, गुंगींतून जाग आली नाहीं तर? ती हसण्यावारी नेत नाहीं, आधीं ऐकते, मग सोप्या शब्दांत सांगते, आणि शेवटीं विचारते, “आतां कळलं का?” हीच बाई इंग्रजी परीक्षेच्या खोलींत शिरली कीं रोग्याकडे पाहावयाचें विसरते आणि औषधाच्या सूचना घडाघडा म्हणून टाकते. समोरचा ‘रोगी’ म्हणतो, मला सुईची भीति वाटते. आणि तिचें पाठ केलेलें भाषण त्याच्यावरून निघून जातें. दहा वर्षांची विद्या तिच्यापाशीं आहे. ती खोलीबाहेर ठेवून ती आंत आलेली असते. तिला नव्यानें शिकावयाचें आहे तें थोडें इंग्रजी. ऐकण्याची कला तिची स्वतःचीच आहे, ती तिनें बरोबर न्यावी. आणि ही मागणी अवाजवी म्हणतां येत नाहीं, कारण उद्यां परमुलुखांतल्या एखाद्या म्हाताऱ्याचा जीव तिच्या कानावर अवलंबून राहणार आहे.

कांहीं परीक्षांत समोर माणूसच नसतो. टोफेलमध्यें उमेदवार ध्वनिग्राहकापुढें बोलतो. २००९ सालीं सुरू झालेल्या पीटीई परीक्षेंत तर गुण देण्याचें काम मुख्यतः संगणकाकडे सोंपविलेलें आहे. तेथें मान डोलावणारें कोणी नसतें, म्हणून पुष्कळांचा धीर सुटतो. अशा वेळीं ओळखीच्या माणसाला डोळ्यांपुढें आणून त्याच्याशीं बोलावें. यंत्र झालें तरी तें ऐकतें आवाजच, आणि माणसाशीं बोलणाऱ्याचा आवाज भिंतीशीं बोलणाऱ्याच्या आवाजाहून निराळा असतो.

एवढी तयारी करूनहि अपेक्षित आंकडा येईलच अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. चौदा मिनिटांत माणसाची भाषा पुरती मापली जाते, असेंहि समजूं नये. कोणाला त्या दिवशीं ताप असतो, कोणी मुळांतच मितभाषी असतो, कोणाची जीभ अनोळखी माणसापुढें सुकते. आंकडा त्या दिवसाच्या बोलण्याचा असतो. विद्वत्तेचा, कर्तबगारीचा किंवा कुळशीलाचा नसतो. घरच्यांनीं हा विवेक ठेवला तर अर्धें ओझें तेथेंच उतरतें. परीक्षा पुन्हां देतां येते. पण मोडलेला धीर पुन्हां बांधणें फार कठीण.

घरच्यांना आणखीहि एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे, आणि तिला इंग्रजीचें ज्ञान लागत नाहीं. आंतल्या खोलींतली येरझार थांबवून मुलाला बाहेर बोलवावें आणि आजीबाईंच्या समोर बसवावें. प्रश्न आजीबाईंनीं मराठींत विचारावे. उत्तर त्यानें इंग्रजींत द्यावें. त्याचें ‘माझें गांव’ सुरू झालें कीं त्यांनीं मध्येंच विचारावें, “अरे, पण त्या घाटावर म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा आहे का?” हा प्रश्न कोणत्याहि छापील पुस्तकांत नाहीं. नातू थांबेल, घाट आठवील, आणि मग जें उत्तर देईल तें त्याचें स्वतःचें असेल. त्यांतला शब्द न् शब्द आजीबाईंना कळला नाहीं तरी हरकत नाहीं. पाठ म्हणणारा आवाज कोणता आणि बोलणारा आवाज कोणता, हें त्यांचा कान बरोबर ओळखतो.